गुरुत्वीय लहरी की गुरुत्व लहरी?

प्रश्न : आमच्याकडे तृतीय वर्ष बी.एस्सी.चे चर्चासत्र यंदा मराठीतून झाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतील वेधशाळेने टिपलेल्या संकेताविषयी सांगताना एका विद्यार्थिनीने आरंभी ‘गुरुत्वाकर्षण लहरी’, मध्ये ‘गुरुत्व लहरी’ आणि शेवटी ‘गुरुत्वीय तरंग’ असे लिहिले. हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत, असे मला वाटते. तळ्यात मोठा धोंडा टाकला की उचलले गेलेले पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते, वेगाच्या भरात मूळ पातळीच्याही खाली जाते आणि ही वरखाली पुढे सरकत राहते. डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यातही असेच घडते व कधी कधी ढगांचे समांतर पट्टे त्यातूनच उमटतात. ‘गुरुत्व लहरी’ हे नाव या प्रकारासाठी राखून ठेवावे. लायगोने टिपली ती सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना खुद्द अवकाशकालात, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पटात, उठलेली लहर होती, म्हणून ती ‘गुरुत्वीय’. ‘गुरुत्वाकर्षण लहरी’ चूक नव्हे. पण ‘आकर्षण’ ऐकून ही लहर वस्तूंना आपल्याकडे ओढते असा ग्रह होतो. प्रत्यक्षात ती एका दिशेतील अंतर ताणते तेव्हा काटकोनातील दिशेचे अंतर आकसते, आणि लायगोच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा परस्परांना काटकोनात आहेत त्या याचसाठी.

आणखी एक मत : भेद पटतो, परंतु बोलताना ‘गुरुत्वीय’मधला ‘ईय’ मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. पाण्यापुरते ‘लाट’ म्हणून भागेल. वातावरणाच्या बाबतीत मात्र ‘उष्णतेची लाट’ आडवी येते, तेव्हा तिथे फोड करून सांगणेच बरे. लहर की तरंग, हा आवडीचा प्रश्न आहे. ‘तरंगलांबी’ रूढ आहे तशा ‘रेडिओ लहरी’ही रूढ आहेत, फक्त एकाच लेखात ‘ती लहर’ आणि ‘तो तरंग’ अशी सरमिसळ नसावी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायचे असल्याने हा शब्द मराठी बातम्यांत वरचेवर येणार, म्हणून एक सूचना करतो. ‘गुरुत्वीय लहरी शोधक’ असे कोणी लिहू नये, कारण त्यात यंत्राऐवजी एखादा लहरी संशोधकच डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘गुरुत्वीय लहरींचे वेधयंत्र’ असे लिहावे.