रूस बोल्टन एका रात्रीत फिरला नाही

‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधल्या नवव्या भागात (२०१३) राजा रॉब स्टार्क मामाच्या लग्नाच्या मेजवानीत मारला जातो. हा भाग धक्का देण्यापुरता लिहिला, रॉबचा सरदार रूस बोल्टन याची गद्दारी आकाशातून पडली, असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. मेजवानीचा यजमान वॉल्डर फ्रे याचा राग उघडच होता, रॉबने त्याच्या मुलीशी लग्नाचा शब्द मोडला होता. पण बोल्टनची पावलं आधीपासून दिसतात. सातव्या भागात हॅरनहॉल किल्ल्यातून निघताना रॉबच्या शत्रू लॅनिस्टर घराण्यातला जेमी बोल्टनला म्हणतो, मामाच्या लग्नाला येता येत नाही, रॉबला सांग. लॅनिस्टरांचा नमस्कार कळव. जेमीच्या तोंडी तो निव्वळ खवचटपणा असतो. दोन भागांनंतर बोल्टन तोच निरोप रॉबच्या छातीत सुरा खुपसताना पोचवतो! मी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा हे ध्यानात आलं आणि चरकलोच.

त्यात रॉबने पाचव्या भागात आपलाच सरदार रिकार्ड कारस्टार्क याचं मुंडकं उडवलं आणि कारस्टार्कचं सैन्य घरी निघून गेलं. न्याय म्हणून ठीक, पण हिशेब म्हणून आत्मघात. बोल्टनसारखा थंड डोक्याचा माणूस बुडत्या जहाजावर कशाला थांबेल? फ्रेच्या नातीशी लग्न करून तिच्या वजनाइतकी चांदी हुंड्यात मिळाल्याचं तो मेजवानीत रॉबच्या आईला, कॅटलिनला आरामात सांगतो. दारूला मात्र शिवत नाही. मग दार लागतं, वाजंत्री सूर बदलतात, आणि कॅटलिन त्याची बाही वर सारते तर आत चिलखत. त्या वेळचं त्याचं ते बारीकसं हसू पुन्हा बघा.