विदर्भाच्या उन्हाळ्यात बॉल पायथनसाठी पेटी कशी असावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी पहिल्यांदाच साप पाळण्याच्या विचारात असून त्यासाठी बॉल पायथन ही जात निवडली आहे. या सापाबद्दल जी माहिती वाचायला मिळते ती बहुतेक थंड प्रदेशातील लोकांनी लिहिलेली असल्यामुळे तिचा सगळा भर पेटी गरम कशी ठेवावी यावर असतो. आमच्याकडे मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि नेमकी त्याच वेळी दुपारची लाइन जाते. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर टिनपत्रे आहेत, मधली खोली जुनी, मातीच्या जाड भिंतींची आणि कवेलूची आहे. माशांची तीन फुटी काचेची टाकी पडून आहे, तिच्यावर जाळी बसवून चालेल का? तळाशी काय पसरावे? मार्चअखेर पिल्लू आणण्याचा बेत आहे. शेजारच्या काकांना कुटाराच्या (पिकाच्या भुशाच्या) ढिगात धामणीचे पिल्लू सापडले असून, तोवर सरावासाठी ते ठेवून घे, असे ते म्हणतात. ते योग्य होईल का?

उत्तर (हिंगणघाट)

भाऊ, पेटी निवडण्याआधी खोली निवडा, कारण आपल्याकडे पेटीपेक्षा खोलीच जास्त महत्त्वाची ठरते. टिनाखालची खोली या कामासाठी पूर्णपणे बाद समजावी. मधल्या मातीच्या खोलीत, जिथे खिडकीतून येणारे ऊन दिवसभरात एकदाही पोहोचत नाही असा आतला कोपरा पाहावा, आणि पेटी जमिनीपासून फार उंच ठेवू नये, कारण कवेलूच्या घरातही वरची हवा खालच्या हवेपेक्षा बरीच तापलेली असते.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप असून दिवसाचा बराच वेळ तो बिळांत आणि वारुळांत काढतो. वर कडक ऊन असले तरी त्याच्या अंगाला ते लागत नाही, ही गोष्ट लक्षात घेतली की पेटीची रचना आपोआप समजते. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान असावे, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. दोन्ही टोकांना त्याचे अंग जेमतेम मावेल अशी लपण्याची एकेक जागा द्यावी. एकच लपण ठेवले तर सुरक्षित वाटावे म्हणून तो नको तितक्या उष्णतेतही तिथेच बसून राहतो. हवेतील आर्द्रता ५५ ते ७० टक्के लागते, आणि इथेच काचेची टाकी अडचणीची ठरते. वरची बाजू पूर्ण जाळीची असल्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तिच्यातील ओलावा टिकत नाही आणि मग कात अंगावर तुकड्यातुकड्यांनी अडकून राहते. टाकीच वापरायची असेल तर जाळीचा बहुतेक भाग झाकून घ्यावा.

माझ्या मते गावच्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेणे अधिक चांगले. पूर्ण वाढलेल्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच एवढी जागा लागते. आतून सनमायका, सांध्यांना सिलिकॉन, समोर सरकत्या काचा आणि त्यांना दुकानातल्या शोकेसला असते तसले कुलूप बसवावे. हवेसाठी एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर भोके पाडावीत. वायर आत घेण्याचे भोकसुद्धा बुजवून घ्यावे, कारण पिल्लू लहानशा फटीतूनही निसटते. रंग किंवा सिलिकॉनचा वास पूर्ण गेल्याशिवाय साप आत सोडू नये.

पहिले काही महिने तळाशी साधा वर्तमानपत्राचा कागद घालावा, म्हणजे विष्ठा आणि गोचिडी लगेच दिसतात. पुढे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरावे. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार घरात सहज मिळते म्हणून घालू नये, कारण त्याची धूळ श्वासात जाते आणि ओल लागताच त्याला बुरशी येते.

हिवाळ्यात आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लागेल, पण ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावू नये. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) मॅटवरच पक्का चिकटवावा. तो नुसता हवेत लोंबत राहिला तर मॅट तापतच राहते आणि सापाचे पोट भाजते.

उन्हाळ्याचे उत्तर मात्र मॅटमध्ये नाही, खोलीत आहे. कुलर सरळ पेटीवर न सोडता खोलीत सोडावा. लाइन गेल्यास पेटीच्या वरच्या आणि मागच्या बाजूला ओले गोणपाट टाकावे, भोके मोकळी ठेवावीत, आणि गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीबाहेर थंड टोकाशी टेकवावी. थंड टोकही ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागले तर साप कापडी पिशवीत घालून गावातल्या अधिक थंड घरी हलवण्याची सोय आधीच ठरवून ठेवावी.

म्हणूनच मार्चअखेर पिल्लू आणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आता फक्त पेटी आणि कमाल-किमान तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. रिकामी पेटी नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत चालवून रोजचे आकडे वहीत लिहा. आकडे जमले तर दिवाळीनंतर पिल्लू आणा. हा साप नीट सांभाळल्यास वीस वर्षांहून अधिक जगतो, तेव्हा सहा-सात महिन्यांची वाट पाहणे फार नाही.

उत्तर (अचलपूर)

धामणीचे पिल्लू एक दिवसही ठेवू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे. धामण बिनविषारी आहे म्हणून तिला सूट नाही, आणि मांडूळही त्यातून सुटत नाही. पिल्लू होते तिथेच जाऊ द्यावे किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

बॉल पायथन परदेशी असला तरी सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील जात असल्यामुळे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी आवश्यक झाली आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परिवेश या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर ती करावी लागते. पैदासकाराच्या स्वतःच्या नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कागदाची एक प्रत पेटीजवळ लावून ठेवा, कारण अनोळखी माणसाला हा साप अजगराच्या पिल्लासारखाच दिसतो.

उत्तर (नागभीड)

हिंगणघाटच्या भाऊंचे बहुतेक म्हणणे पटते, पण पिल्लाला एकदम चार फुटी पेटीत सोडू नये, असे मला वाटते. उघड्या मोठ्या जागेत लहान पिल्लू घाबरून खाणे सोडू शकते. पहिल्या वर्षासाठी झाकणाला पक्क्या कडी असलेला, बाजूला भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा चांगला, आणि उन्हाळ्यात तो उचलून हलवताही येतो.

आमच्या धानाच्या भागात पावसाळ्याची काळजी वेगळी असते. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच एवढी ओली असते की त्यात कुलर चालू ठेवला तर तळ सतत ओला राहतो. अशाने पोटाचे खवले सडतात आणि श्वसनाचा आजार होतो. त्या दिवसांत कुलरची पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि पाण्याचे भांडे लहान करावे. मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांची पावडर, मच्छर कॉइल, डांबरगोळ्या यांपैकी काहीही त्या खोलीत नको.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. धामणीचे पिल्लू काकांना समजावून आजच बांधावर सोडले. मधल्या खोलीच्या एका कोपऱ्यात कापसावरच्या फवारणीची औषधे आणि पंप असतो. ते सगळे आधी गोठ्याकडच्या खोलीत हलवतो. एक शंका राहिली. खाद्यासाठी पांढरे उंदीर घरीच वाढवले तर चालेल का?

उत्तर (हिंगणघाट)

औषधे हलवाच, आणि ती जागा धुऊन, सारवून काही आठवडे मोकळी ठेवा. कीटकनाशकाचा अंश सापाला फार लवकर बाधतो. घरी उंदीर वाढवण्याचा सल्ला मात्र मी खेड्यातल्या कोणालाही देणार नाही. उंदरांच्या वासाने नाग आणि मण्यार घरात येतात, आणि मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. शहरातून गोठवलेले उंदीर बर्फाच्या डब्यात आणून वेगळ्या लहान फ्रीजरमध्ये ठेवावेत. पिल्लाला आठवड्यातून एकदाच खाद्य लागत असल्यामुळे एका फेरीत दोन-तीन महिन्यांची सोय होते. मात्र पिल्लू गोठवलेले उंदीर खाते की नाही, हे पैदासकाराला तुमच्यासमोर भरवून दाखवायला सांगा, आणि ते खात असेल तरच घ्या.