हॅलोविनला पोरांना घेऊन कुठल्या गावी जावं? (अनुभव धागा)

ठिपक्यांची_रांगोळी
दुकानांच्या दारात नारिंगी भोपळ्यांचे ढीग लागले की अमेरिकेतल्या सेलमची आठवण उसळतेच, म्हणून धागा काढतेय. लिहा सगळ्यांनी: गाव कुठलं, मुलांचं वय काय, गाडी की ट्रेन, कुठे फसगत होते. नुसतं 'मज्जा आली' नको बरं का.

सुरुवात सेलमपासून (मॅसॅच्युसेट्स). १६९२ च्या चेटकीण खटल्यांचं गाव. १९ जणांना फाशी, आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. आता तिथे पूर्ण ऑक्टोबर महिना जत्रा असते, १९८२ पासून. वस्ती जेमतेम ४४-४५ हजार आणि ऑक्टोबरात येणारे दहा लाखांच्या वर. म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड, फक्त पार्किंग त्याहून वाईट. गाडी नेऊच नका. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टची लोकल पकडा, अर्ध्या तासात सेलम. स्टेशनवरून एसेक्स स्ट्रीट चालत दहा मिनिटं.

बॉस्टनकर
+१ ट्रेनला. शनिवार-रविवारी १० डॉलरचा वीकेंड पास काढा, दोन्ही दिवस कितीही फिरा. नुसतं एका बाजूचं तिकीटच ८ डॉलर पडतं. ११ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. लाँग वार्फवरून बोटही जाते, तासभर लागतो, पण वारा मी म्हणतो. कानटोप्या हव्याच.

परतीच्या ट्रेनचं मात्र आधीच ठरवा. अंधार पडल्यावर फलाटावर रांग लागते आणि स्ट्रोलर घडी करूनच चढावं लागतं. चार-साडेचारची गाडी धरली तर मुलांना बसायला जागा मिळते.

सानवीची_आई
५ वर्षांच्या मुलीला सेलम चालेल का? घाबरेल का?

ठिपक्यांची_रांगोळी
@सानवीची_आई, दिवसा, तेही आठवड्यातल्या मधल्या वारी गेलात तर नक्की चालेल. एसेक्स स्ट्रीटवर वेशभूषा केलेले लोक उभे असतात, त्यांच्याबरोबर फोटो काढायचा तर टिप द्यावी लागते, एकेक डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. काही वेश खरंच भीतीदायक असतात, स्टिल्ट्सवरची (उंच काठ्यांवर चालणारी) भुतं वगैरे. त्या गर्दीत लहान मुलांच्या डोळ्यांसमोर फक्त मोठ्यांच्या कमरा असतात, त्यामुळे भीतीपेक्षा गुदमरल्यानेच रडतात. बाबांच्या खांद्यावर बसवा.

विच म्युझियम या वयाला नको. काळोखात पुतळ्यांचे देखावे आणि फाशीचं वर्णन. शिवाय तिकिटं त्याच दिवसाची ऑनलाइन सुटतात आणि भराभर संपतात. त्यापेक्षा पीबॉडी एसेक्स हे कलेचं म्युझियम. मुलांसाठी वेगळा विभाग आहे, स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत, आणि बाहेर पोर्टेबल टॉयलेटच्या रांगा बघितल्यावर त्याची किंमत कळते.

कुंचला
अवांतर: त्याच म्युझियमकडे आधुनिक भारतीय चित्रांचा हर्विट्झ संग्रह आहे, हुसेनांची चित्रंही त्यात आहेत. पंढरपूरला जन्मलेला माणूस सेलममध्ये! सेलमची जहाजं मसाल्यांसाठी पूर्वेकडे यायची, १७९९ साली तिथल्या कप्तानांनी जमवलेल्या वस्तूंपासून या म्युझियमची सुरुवात झाली. चेटकिणींच्या नादात लोक हे बघतच नाहीत.

न्यूजर्सीचा_नाना
कुंचलातै, हॅलोविनच्या धाग्यात पंढरपूर आणलंत, मानलं! 😄

हडसनकाठी
न्यूयॉर्क-न्यूजर्सीवाल्यांनी स्लीपी हॉलो धरावं. पूर्वी नाव नॉर्थ टॅरीटाऊन होतं, वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या बिनमुंडक्या घोडेस्वाराच्या गोष्टीमुळे १९९६ साली गावाने नावच बदलून घेतलं. ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन, टॅरीटाऊनला उतरा. जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसा, सगळी नदी दिसते.

सगळ्यात मोठी गफलत इथे होते, नीट वाचा. हजारो कोरलेल्या भोपळ्यांचा 'ब्लेझ' (७,००० च्या वर) लोक स्लीपी हॉलोत समजतात. तो आहे क्रोटन-ऑन-हडसनला, व्हॅन कॉर्टलँड मॅनरमध्ये. आठ-दहा मैल उत्तरेला. स्टेशन वेगळं: क्रोटन-हार्मन, तिथून सुमारे मैलभर. तिकीट ठरावीक वेळेचं असतं. टॅरीटाऊनला उतरून भोपळे शोधत बसलात तर वेळ हुकली म्हणून समजा. शनिवारची तिकिटं फार आधी संपतात, आणि पाऊस पडला म्हणून पैसे परत नाहीत. रेनकोट न्या. छत्री नको, अरुंद वाटेवर मागच्याच्या डोळ्यात जाते.

वाट अंधारी. लहान मुलांच्या बुटांना चमकपट्टी लावा. भीतीदायक काही नाही, ३-४ वर्षांच्यालाही चालतं.

दिवसा स्लीपी हॉलोचं दफनभूमीचं आवार आणि जुनं डच चर्च बघून घ्या. फाटक साडेचारच्या सुमारास बंद होतं. गोष्टीतला मूळ पूल आता नाही, शोधू नका.

ओरेगॉनची_मावशी
पश्चिमेला कुणीच नाही का? पोर्टलंडहून हायवे ३० ने साधारण ३० मैलांवर सेंट हेलेन्स. डिस्नेच्या १९९८ च्या हॅलोविनवाल्या टीव्ही सिनेमाचं चित्रण तिथे झालं. म्हणून जुन्या कोर्टासमोरच्या चौकात मोठ्ठा भोपळा ठेवतात. गाव चिमुकलं, वीकेंडला त्या एका रस्त्यावर गाड्यांची शेपूट लागते. सकाळी लवकर जा. पावसाचे बूट मस्ट. बाकी नदीकाठ, फोटो, संपलं. अर्धा दिवस पुरे.

थंडीवाला
मिनेसोटातलं अनोका राहिलं. १९२० साली गावकऱ्यांनी मिरवणूक सुरू केली, कारण हॅलोविनच्या रात्री पोरं लोकांच्या गाई सोडून मेन स्ट्रीटवर हाकायची. पोरांना कामाला लावा म्हणजे उपद्रव थांबेल, असा हिशोब. मोठी परेड ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी. घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि कँडीसाठी पिशवी न्या.

थंडीचं हलक्यात घेऊ नका. १९९१ ला ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळात मिनियापोलिसला २८.४ इंच बर्फ पडला होता. कॉस्च्युम दोन साइझ मोठा घ्या, जाकीट आतून घालता येतं. वरून जाकीट घातलं की स्पायडरमॅनचा कोळी दिसत नाही आणि मग रडारड.

सानवीची_आई
😂 'फ्रोझन'मधल्या एल्साला जाकीट म्हणजे महायुद्ध!

चकलीकाकू
एल्साच्या झग्याची लांबी घोट्यापर्यंतच ठेवा गं, जिन्यावर पाय अडकतो. आणि मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा. बाजूचं दिसत नाही मुखवट्यातून, रस्ता ओलांडताना धोका. रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज येते का ते.

शाकाहारी घरांसाठी: कँडी कॉर्न, मार्शमेलो, गमी बेअर, स्टारबर्स्ट यांत जिलेटिन असतं. स्मार्टीज, ट्विझलर्स, रीसेस यांत नाही. छोट्या पाकिटावर घटक छापलेलेच नसतात, म्हणून मोठ्या पिशवीचा फोटो फोनमध्ये ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दारात हिरवट-निळा भोपळा दिसेल ते घर निवडा, तिथे खाऊऐवजी खेळणी, स्टिकर देतात.

न्यूजर्सीचा_नाना
ट्रिक-ऑर-ट्रीटच्या (मुलांनी दारोदार कँडी मागायच्या) वेळा गावागणिक बदलतात, नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघा. पाहुणे म्हणून गेलात तर हॉटेलच्या आसपास कँडी मिळणार नाही, घरांची वस्ती गाठावी लागते. पोर्चचा दिवा चालू = या. बंद = बेल वाजवू नका.

आणि २०२६ ला ३१ तारीख शनिवारी आहे. त्या रात्री सेलमला लहान मुलांना नेणं म्हणजे वेडेपणा. आधीच्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार धरा. त्याच रात्री दोन वाजता घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे पोरं रविवारी पहाटे पाचलाच उठणार. भोगा.

थंडीवाला
@नाना, २०२४ ला ३१ ला नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी ड्रॅक्युला.

चकलीकाकू
हो ना! आणि पोर्चवर आकाशकंदील लावला की पोरं येणारच, कँडी आणून ठेवलेली बरी. पणत्या मात्र दाराच्या वाटेवर नकोत, ते नायलॉनचे झगे भुर्रकन पेटतात. बॅटरीच्या लावा.

नवखा_टेक्सासचा
धाग्याची वाचनखूण साठवली. इथे डॅलसला कोरलेला भोपळा तीन दिवसांत बुरशी धरतो. उपाय?

हडसनकाठी
@नवखा, उष्ण हवेत तेवढंच टिकतं. ३० तारखेला कोरा. झाकण वरून कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, सरळ कापलं तर झाकण आत पडतं. नाहीतर सरळ बुडातून कापा, भोपळा दिव्यावर नुसता ठेवता येतो. आतला गर आणि धागे मोठ्या चमच्याने पूर्ण खरवडा, पुढची भिंत इंचभर जाडीची होईपर्यंत. ओला गर राहिला की बुरशी तिथूनच सुरू होते. मग गॅलनभर पाण्यात एक टेबलस्पून ब्लीच घालून धुवा, कोरडं करा, कापलेल्या कडांना व्हॅसलिन. मेणबत्तीच्या उष्णतेने आतून शिजतो, एलईडी घाला. भोपळा कुरतडणारी खार मात्र कशालाच ऐकत नाही.

नवखा_टेक्सासचा
धन्यवाद दादा. खरवडलेल्या गराचे घारगे होतात का?

चकलीकाकू
कोरायच्या भोपळ्याचे नको रे! तंतुमय आणि पाणचट असतो, गूळ घातला की पीठ सैल होतं, मग कणीक वाढवत बसायचं आणि घारगे होतात चामट. छोटा शुगर पम्पकिन किंवा बटरनट आण. किसून, पाणी न घालता गुळाबरोबर वाफवायचा, गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक आणि चमचाभर तांदळाची पिठी. बिया फेकू नकोस, धुऊन पूर्ण कोरड्या कर, मीठ-तिखट लावून ओव्हनला ३०० फॅरनहाइटवर अर्धा-पाऊण तास, मध्ये एकदा हलव.

न्यूजर्सीचा_नाना
काकू, घारग्यांचा वेगळा धागा काढा. प्रमाणासकट.