बोटातल्या थेंबावरची सिकलसेल टेस्ट खरी धरायची का?

प्रश्न (धडगावकडून): पाड्यावर सिस्टर आल्या, पोरीच्या बोटाला टोचून थेंबभर रक्त नळीत टाकलं, पाणी गढूळ झालं, मागच्या काळ्या रेघा दिसेनात, म्हणे पॉझिटिव्ह. नंदुरबारला जायचं तर मजुरी बुडते, एवढ्यावर भरवसा ठेवू का?

शहाद्याहून, लॅबवाला: भाऊ ही सोल्युबिलिटी टेस्ट, यात फक्त एस हिमोग्लोबिन (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारं, त्यालाच सिकलसेल म्हणतात) आहे एवढंच कळतं, पोरगी वाहक (स्वतःला आजार नाही, पण बाळाकडे जाऊ शकतो) की रुग्ण ते कळत नाही, त्याला एचपीएलसी नाहीतर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी लॅबची तपासणी लागते, मजुरी बुडाली तरी ती कराच. वाहक निघाली तर घाबरू नका, बहुतेकांना काही त्रास नसतो. पण लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करा, दोघं वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला आजाराची 25 टक्के शक्यता.

जळगावहून: तरी पाड्यावरची टेस्ट झाली म्हणूनच कळलं ना ताई-भाऊंनो! 2023 मध्ये देशात सिकलसेल मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली, ती काय सगळी मोठ्या दवाखान्यात होणार आहे का? मलेरियाचंही तसंच, स्लाइडचा रिपोर्ट येईस्तोवर पोरगं तापानं फणफणायचं, आता आशाताईच्या मलेरिया टेस्टच्या कार्डावर 15-20 मिनिटात रेघ दिसते आन लगेच गोळ्या.

प्रश्नवाला: सोमवारी नेतो पोरीला.