राष्ट्रपतींची परराष्ट्रविषयक भाषणं : देशाचा शब्द की खात्याचा कागद?

टिपणवही

राष्ट्रपती परदेश दौऱ्यावर गेले की आपल्याकडे बातमी येते ती स्वागताची, मानवंदनेची, फार तर तिथे मिळालेल्या सन्मानाची. ते तिथे काय बोलले याला आतल्या पानावरही जागा मिळत नाही. 'रबरी शिक्का आहे, परराष्ट्र खात्याने लिहून दिलं ते वाचणार' असं म्हणून विषय मिटवला जातो. मला हे साफ चुकीचं वाटतं, म्हणून हा धागा.

२१ मार्च २००० चा प्रसंग घ्या. बिल क्लिंटन दिल्लीत होते. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर येऊन गेले, त्यानंतर थेट २२ वर्षांनी अमेरिकेचा अध्यक्ष भारतात आला होता. पोखरणच्या चाचण्यांना दोन वर्षंही झाली नव्हती, कारगिल ताजं होतं आणि आदल्याच रात्री काश्मीरमध्ये चित्तिसिंगपुरा गावात ३५ शिखांची हत्या झाली होती. दौऱ्याच्या आधी क्लिंटन यांनी भारतीय उपखंड आणि काश्मीरमधली नियंत्रण रेषा म्हणजे जगातली सर्वांत धोकादायक जागा, अशा अर्थाचं विधान केलेलं. त्या रात्री राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत के. आर. नारायणन बोलायला उभे राहिले आणि पाहुणे समोर बसलेले असतानाच त्यांनी या वर्णनाचा समाचार घेतला. अशा घाबरवणाऱ्या वर्णनांनी शांतता मोडू पाहणाऱ्यांनाच बळ मिळतं. धोका अण्वस्त्रं आधी न वापरण्याचा शब्द देणाऱ्यांकडून नाही, तो शब्द द्यायला नकार देणाऱ्यांकडून आहे, हा त्यांचा मुद्दा. पुढे एका आफ्रिकी नेत्याचा दाखला देत ते म्हणाले की जगाचं एक खेडं झालं म्हणून त्याचा कारभार एकाच पाटलाने हाकायचा असं होत नाही.

नारायणन १९४९ पासून परराष्ट्र सेवेत होते. १९७६ मध्ये चीनशी राजदूत पातळीवरचे संबंध पुन्हा सुरू झाले तेव्हा बीजिंगला तेच गेले, आणि १९८० ते ८४ ते वॉशिंग्टनमध्ये राजदूत होते. कुठे काय बोलावं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बरं, त्याच दिवशी वाजपेयी आणि क्लिंटन यांनी एकविसाव्या शतकातल्या संबंधांच्या दस्तऐवजावर सह्या केल्या होत्या. म्हणजे हात मिळवायचं काम झालं आणि जे ठणकावून सांगायचं तेही सांगून झालं. सरकारला व्यवहार पुढे न्यायचा असतो, त्यामुळे काही गोष्टी त्याला गिळाव्या लागतात. राष्ट्रपतींना त्या बोलता येतात, आणि त्या बोलण्याला देशाचं वजन असतं.

दुसरं उदाहरण अब्दुल कलामांचं. सप्टेंबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पॅन-आफ्रिकन पार्लमेंटसमोर बोलताना त्यांनी उपग्रह आणि फायबर ऑप्टिकने आफ्रिकी देशांना भारतातल्या विद्यापीठांशी आणि रुग्णालयांशी जोडायची कल्पना मांडली. जुलै २००७ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे ५४३ कोटी रुपये मंजूर केले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. पुढे ४० हून जास्त देश त्यात आले. भाषणातला एक परिच्छेद प्रत्यक्षात उतरला, आणि हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊकही नाही.

तुमचं मत काय?

वकीलसाहेब

धागा चांगला, निष्कर्ष अमान्य.

घटना काय म्हणते ते आधी बघू. कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचं. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने हे बंधन स्पष्ट शब्दांत आणलं. ४४वीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली, बस. भाषण याला अपवाद कसं असेल? कलम ८७ खाली संसदेत होणारं अभिभाषण तर सरळ मंत्रिमंडळाचं असतं. परदेश दौऱ्यात राष्ट्रपतींसोबत एक मंत्री असतो, तोही याच कारणाने.

नारायणन यांचं भाषण तुम्हाला आवडलं कारण त्यातला मुद्दा तुम्हाला पटला. उद्या एखादे राष्ट्रपती तुम्हाला न पटणारं बोलले तर? पंतप्रधानांना लोकसभेत जाब विचारता येतो. राष्ट्रपतींना कोण विचारणार? महाभियोग हा एकच मार्ग, तोही घटनाभंगासाठी. ज्याला उत्तर द्यावं लागत नाही त्याने देशाच्या वतीने धोरण बोलू नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

आणि अनुभवी माणूस असला म्हणून धोका टळत नाही. प्रणव मुखर्जी दोनदा परराष्ट्रमंत्री होते. २०१५ मध्ये स्वीडन दौऱ्याच्या तोंडावर 'डागेन्स न्यूहेटर' या तिथल्या दैनिकाला त्यांनी मुलाखत दिली. बोफोर्सचा प्रश्न आला, आणि हा खटला माध्यमांनीच चालवला अशा अर्थाचं ते बोलून गेले. आपल्या दूतावासाने तो भाग वगळायची विनंती केली. दैनिकाने तो छापला, वर विनंतीचीही बातमी केली. दौरा होता सहकार्याचा, चर्चा झाली बोफोर्सची. एका वाक्याने एवढं होतं.

पारदर्शी

वकीलसाहेबांशी सहमत, माझं कारण वेगळं. प्रतिभाताई पाटील यांच्या कारकिर्दीत १२ दौरे आणि २२ देश झाले. माहिती अधिकारात जी आकडेवारी बाहेर आली त्यानुसार खर्च २०५ कोटींच्या घरात होता, त्यातला मोठा भाग विमानाचा. एवढा पैसा लागतो तर त्या भाषणांतून काय निघालं हे विचारायचा हक्क आहे. कलामांच्या आफ्रिका जोडणीसारखं एक उदाहरण सांगून बाकीच्यांचा हिशेब चुकता होत नाही.

दर्यावर्दी

हिशेब जरूर मागा, पण तो कुठल्या देशांचा मागतोय ते पाहून मागा.

पंतप्रधान वॉशिंग्टन, टोकियो, पॅरिस, मॉस्कोला जाणार. जी-२०, ब्रिक्स, शांघाय सहकार्य संघटना या बैठकांतच वर्षाचा बराच भाग जातो. मग सुरीनाम, मॉरिटानिया, मलावी, तिमोर-लेस्ते इथे कोण जाणार? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या प्रत्येकाचं मत आपल्याच मताइतकं मोजलं जातं. जून २०२० मध्ये सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी भारताला १९२ पैकी १८४ मतं पडली. ती राष्ट्रपतींच्या भाषणांमुळे पडली असं मी म्हणणार नाही. पण मतदानाच्या आदल्या आठवड्यात फोन फिरवून एवढी मतं जमत नसतात, त्यासाठी आधीची कित्येक वर्षं त्या देशांना विचारलेलं असावं लागतं.

रामनाथ कोविंद यांचा राष्ट्रपती म्हणून पहिला परदेश दौरा ऑक्टोबर २०१७ मध्ये जिबूती आणि इथिओपियाचा होता. आपल्यातल्या किती जणांना जिबूती नकाशावर दाखवता येईल? २०१५ मध्ये येमेनमध्ये अडकलेल्या आपल्या लोकांना बाहेर काढलं ते याच बंदरातून. पुढच्या राष्ट्रपतींनी तिथे स्वतः जाऊन आभार मानले. मला हे फार मोठं वाटतं.

आता सुरीनाम. ५ जून १८७३ रोजी 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन पारामारिबोला, म्हणजे सुरीनामच्या राजधानीला, लागलं. बिहार, पूर्व उत्तर प्रदेशातली माणसं, उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेली. त्याला १५० वर्षं झाली तेव्हा, जून २०२३ मध्ये, द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या. राष्ट्रपती म्हणून त्यांचा तो पहिला शासकीय दौरा. तिथल्या भाषणात त्यांनी सांगितलं की सुरीनाममधल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठीची मर्यादा चौथ्या पिढीवरून सहाव्या पिढीपर्यंत वाढवली आहे. म्हणजे खापरपणजोबा भारतातून आले होते एवढं सिद्ध करूनही कालपर्यंत ज्याला ते कार्ड मिळत नव्हतं, त्याला ते मिळण्याची वाट उघडली. समोर बसलेल्या लोकांसाठी त्या भाषणातलं एवढं एक वाक्य पुरेसं होतं.

पारदर्शी, याची किंमत विमानाच्या भाड्यात कशी मोजणार?

वकीलसाहेब

दर्यावर्दी, सुंदर लिहिलंत. पण यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. ओसीआयचा निर्णय सरकारचा, राष्ट्रपतींनी तो जाहीर केला. तो त्यांनी जाहीर करायला माझी काहीच हरकत नाही, उलट तेच योग्य. हरकत आहे ती सरकारने न ठरवलेलं बोलण्याला.

राईनकाठ

दोघांनाही उपयोगी पडेल असं जर्मनीचं सांगतो. तिथलाही राष्ट्राध्यक्ष आपल्यासारखाच, सत्ता चॅन्सेलरकडे. त्याच्या हातात खरं तर फक्त भाषण असतं.

८ मे १९८५, जर्मनीच्या शरणागतीला ४० वर्षं झाली त्या दिवशी रिचर्ड फॉन वाइत्सेकर संसदेत बोलले. हा दिवस पराभवाचा नसून नाझी राजवटीच्या जुलमातून झालेल्या मुक्ततेचा आहे, असं त्यांनी स्वतःच्या देशबांधवांना सांगितलं. तोवर हे बोलणारे कुणी नव्हते असं नाही, पण राष्ट्राध्यक्षाने पक्षापलीकडून ते संसदेत म्हटल्यावर त्याला वेगळंच वजन आलं. जर्मनीचा शेजाऱ्यांशी जो विश्वासाचा व्यवहार उभा राहिला, त्यात या भाषणाचा वाटा तिथले इतिहासकार आजही मानतात.

आणि दुसरी बाजू. मे २०१० मध्ये होर्स्ट क्योलर अफगाणिस्तानातून परतताना रेडिओला म्हणाले की निर्यातीवर अवलंबून असलेल्या देशाला आपल्या हितासाठी, उदाहरणार्थ व्यापारी मार्ग खुले राहावेत म्हणून, वेळप्रसंगी लष्करही वापरावं लागू शकतं. गदारोळ झाला आणि ३१ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला. वकीलसाहेब म्हणतात ती भीती निराधार नाही. पण जबाबदारीच नसते हे मात्र खरं नाही, क्योलर यांच्या बाबतीत ती काही दिवसांतच आली.

पारदर्शी

दर्यावर्दींचा सुरीनामचा मुद्दा मान्य. तरी बहुतेक भाषणं मी उघडून पाहिली ती एकाच साच्यातली. प्राचीन काळापासूनचे संबंध, मग व्यापाराचा आकडा, मग दहशतवादाचा निषेध, शेवटी आरोग्यचिंतन. यात वाचण्यासारखं काय आहे?

टिपणवही

पारदर्शी, साचा आहेच, आणि म्हणूनच वाचावं. साचा ठरलेला असला की त्यात काय हललं ते लगेच दिसतं. सुरक्षा परिषदेतल्या कायम सदस्यत्वाचं वाक्य घ्या. यजमान देशाने 'पाठिंबा दिल्याबद्दल आभार' असं आहे की 'सुधारणांची गरज' एवढ्यावरच थांबलंय? पहिल्या प्रकारात त्या देशाने शब्द दिलेला असतो, दुसऱ्यात नसतो. दहशतवादाच्या परिच्छेदात सीमेपलीकडून होणाऱ्या दहशतवादाचा उल्लेख आहे की मोघम निषेध? यजमानांना कितपत चालतं ते तिथे कळतं. शेजारच्या एखाद्या देशाचं नाव मागच्या दौऱ्यात होतं आणि या वेळी गळलं, तर ते हातून सुटलेलं नसतं. या मजकुरावर परराष्ट्र खात्यातली माणसं खपतात, आणि समोरच्या देशातली तितकीच काळजीपूर्वक वाचतात. न वाचणारे आपणच.

वकीलसाहेब, मजकूर सरकार पाहतं हे मला मान्यच आहे. पण तेवढ्याने भाषण बिनमोल ठरत नाही. परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं राष्ट्रपतींकडेच सादर करतात. शासकीय भेटीवर येणारा राष्ट्रप्रमुख राष्ट्रपतींचाच पाहुणा असतो. सरकार बदलतं, आघाड्या मोडतात. पलीकडच्या देशाला हे सगळं ओलांडून पुढेही टिकेल असा शब्द हवा असतो.

ऑक्टोबर २०१५ चंच बघा. प्रणवदा जॉर्डन, पॅलेस्टाईन आणि इस्रायल असे एकाच दौऱ्यात गेले. पॅलेस्टाईनमधल्या रामल्लामध्येही गेले आणि क्नेसेटसमोर, म्हणजे इस्रायलच्या संसदेसमोरही बोलले. इस्रायलला जाणारे ते पहिले भारतीय राष्ट्रपती, आणि तोवर एकही भारतीय पंतप्रधान तिथे गेलेला नव्हता. मोदी गेले जुलै २०१७ मध्ये, आणि पॅलेस्टाईनला वेगळे, फेब्रुवारी २०१८ मध्ये. माझ्या मते आधी राष्ट्रपतींना पाठवून, दोन्हीकडे बोलायला लावून पाणी जोखलं गेलं. तुम्ही बोफोर्सची मुलाखत सांगितलीत, ती त्याच वर्षीची आणि त्याच राष्ट्रपतींची. दोन्ही एकत्र ठेवून त्यांचं माप काढू या.

वकीलसाहेब

इस्रायलचा मुद्दा दिला तुम्हाला. तो सरकारने आखलेला दौरा होता, राष्ट्रपतींनी तो उत्तम पार पाडला.

पण माझा मूळ प्रश्न तिथेच आहे. सरकार आणि राष्ट्रपती यांचं पटत नसेल तेव्हा काय? क्लिंटन यांच्या मेजवानीनंतर हे भाषण सरकारच्या सुराशी जुळतं की नाही यावर वाद झालाच ना? परदेशी पाहुण्याला दिल्लीत दोन सूर ऐकू आले तर तो सोयीचा निवडणार.

टिपणवही

पटत नसेल तर बोलायची जागा मेजवानी नाही, हे मीही म्हणेन. त्यासाठी कलम ७८ आहे. कारभाराची माहिती राष्ट्रपतींना देणं हे त्याखाली पंतप्रधानांचं कर्तव्यच आहे. राजीव गांधी आपल्याला माहिती देत नाहीत ही ग्यानी झैलसिंग यांची तक्रार १९८७ मध्ये चव्हाट्यावर आली होती. त्यांना माहितीच दिली जात नसेल, तर परदेशी पाहुण्यासमोर ते बोलणार कशाच्या आधारावर? राष्ट्रपतींच्या तोंडी दोन सूर नकोत असं वाटणाऱ्या सरकारने आधी हे कलम मनापासून पाळावं.

आणि नारायणन यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्यांच्या भाषणाने सह्या केलेला कागद फाटला नाही. दुसऱ्या दिवशी क्लिंटन संसदेत बोलले, दौरा ठरल्याप्रमाणे पार पडला. २५ मार्चला पाकिस्तानात थांबल्यावर तिथल्या जनतेला उद्देशून केलेल्या भाषणात, रक्त सांडून सीमा बदलू पाहणाऱ्यांना या युगात काही मिळत नाही, असं ते बोलले. हे नारायणन यांच्यामुळे झालं असा दावा मी करत नाही. पण स्पष्ट बोलल्याने संबंध बिघडतात ही जी धास्ती आहे, तिला त्या आठवड्यात तरी आधार सापडत नाही.

दर्यावर्दी

कलम ७८ वर वेगळा धागा काढा, टिपणवही. वकीलसाहेब, तिथे पहिला प्रतिसाद तुमचा हवा.