बास्क किनारा, भाड्याची गाडी आणि घरची मंडळी: तुमचे अनुभव लिहा

उत्तर स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर बिल्बाओ ते सान सेबास्तियान हे अंतर मोटारवेने जेमतेम शंभर किलोमीटर. त्यामुळे बहुतेकांच्या बेतात एक रात्र गुगेनहाइम संग्रहालयासाठी, एक रात्र पिंचोंसाठी, म्हणजे बारमधल्या छोट्या छोट्या खाण्यांसाठी असते आणि मधला सगळा किनारा गाडीच्या काचेतूनच संपतो. फार वाईट वाटतं मला याचं. आम्ही आई-बाबा, नणंद आणि मुलं अशा भरल्या गाडीनं बर्मेओ, लेकेइतिओ, ओन्दार्रोआ, सुमाया, गेतारिया असं जुन्या रस्त्यानं गेलो आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगते आहे: मोटारवे सोडा, आणि दिवसाचा बेत भरती-ओहोटीचं वेळापत्रक समोर ठेवून करा.

बिस्केच्या उपसागरात उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. लेकेइतिओला ओहोटीत समोरच्या गाराइत्स बेटावर चालत जाता येतं, भरतीत ती वाट बुडते. सान सेबास्तियानला नेमकं उलट. ला कोंचा खाडीच्या टोकाला शिल्पकार चिल्यिदांची ‘वाऱ्याचा कंगवा’ ही लोखंडी शिल्पं खडकात रोवलेली आहेत. तिथल्या फरसबंदीला भोकं ठेवली आहेत, आणि लाट खालून आदळली की त्यातून हवा नि तुषार उसळतात. त्यासाठी भरती आणि खवळलेला समुद्रच हवा. मुलं तिथून हलेनात.

गाडीचं थोडक्यात: आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. ऑटोमॅटिक गाडी हवी तर बरीच आधी सांगून ठेवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मागची सीट आणि त्याच्या मापाची खास सीट सक्तीची आहे. पाट्यांवर बास्क आणि स्पॅनिश दोन्ही नावं असतात, तेव्हा दोनोस्तिया म्हणजेच सान सेबास्तियान आणि बिल्बो म्हणजेच बिल्बाओ एवढं चालवणाऱ्याला माहीत असू द्या.

आता तुम्ही लिहा. शाकाहारी मंडळींनी काय खाल्लं, ज्येष्ठांना काय झेपलं, मुलांना काय आवडलं, सीमा ओलांडून कुठवर गेलात?

*

सुमायाबद्दल मला लिहायलाच हवं. आम्ही पुण्याचे, सह्याद्रीत भटकणारे. इत्सुरुन किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उतरलो तेव्हा समोरचा कडा बघून थोरली म्हणाली, “बाबा, हे कुणी रचलंय का?” कठीण चुनखडक आणि मऊ चिखली खडक यांचे आलटून पालटून थर, शेकडो, आणि तेही जवळजवळ उभे. खोल समुद्रतळाशी कोट्यवधी वर्षं साचलेला हा गाळ. पुढे आयबेरियाचा भूखंड युरोपला भिडला, पिरेनीज उचलले गेले, तेव्हा हे थरही तिरके होऊन वर आले. याला फ्लिश म्हणतात. भूगर्भीय कालगणनेतले सेलांडियन आणि थानेशियन हे दोन टप्पे कुठे सुरू होतात, याची जगानं मानलेली प्रमाणरेषा याच किनाऱ्यावर आहे.

पण आम्ही आलो होतो ते दुसऱ्या एका थरासाठी. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्या काळाची नोंद असलेला पातळ, गडद थर इथे उघडा दिसतो. उल्केच्या आघाताची खूण मानलं जाणारं इरिडियम त्यात सापडलं आहे. आणि त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? दख्खनचा लाव्हा वाहत होता! ज्या बेसॉल्टवर राजगड-तोरणा उभे आहेत, तो ओतला जात असतानाचा जगाच्या दुसऱ्या टोकाचा समुद्रतळ इथे हाताला लागतो. मी कितीतरी वेळ त्या थरावर हात ठेवून उभा होतो. मुलींना दोन्ही गोष्टी जोडून सांगितल्या तेव्हा धाकटीनं विचारलं, “मग डायनोसॉर कुणी मारले, उल्केनं की आपल्या दगडानं?” शास्त्रज्ञही हेच भांडतायत, असं सांगितल्यावर तिला भारी आनंद झाला.

बंदरातून बोटीनं हे कडे दाखवतात, समजावूनही सांगतात. बोट घ्याच, पण आधी पायी उतरा. खडक निसरडे असतात, चपला नकोत.

*

वर शाकाहाराबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. आमच्याकडे अंडं चालतं, मासे-मटण नाही. उपाशी राहिलो नाही, पण विचारून खावं लागतं. बटाट्याचं जाड आमलेट जवळपास प्रत्येक बारच्या काउंटरवर मिळतं. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ घातलेल्या मिळतात. तिखट अजिबात नसतात, मुलांनी पोटभर खाल्ल्या. अळंब्या, भाजलेल्या लाल मिरच्या, लीक आणि बटाट्याचं पोर्रुसाल्दा नावाचं सूप. तोलोसाच्या काळ्या घेवड्याची उसळ बघून जीव हरखतो, पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, म्हणून आधी विचारा.

इदियासाबाल चीज मेंढीच्या दुधाचं असतं आणि ते विरजायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. माझ्या सासूबाईंनी ते कळल्यावर खाल्लं नाही. ज्यांना हा विचार महत्त्वाचा आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते, कारण शाकाहारी म्हणून तेच पुढे केलं जातं.

जेवणाच्या वेळा लक्षात ठेवा. दुपारचं दीडनंतर, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद असतात. लहान मुलं असतील तर संध्याकाळी सहा-सातला पिंचोंच्या बारमध्ये उभ्या उभ्या खाणं हाच उत्तम मार्ग. शेवटी वरून करपवलेला चीजकेक मागवा. तो दोनोस्तियाच्या जुन्या भागातल्या एका बारमधून जगभर गेला.

*

आम्ही मालवणचे, तेव्हा आमची सहल मासे बघत झाली. गेतारियात गल्लीतच, उघड्यावर कोळशाच्या शेगड्या मांडलेल्या असतात. जाळीत धरून अख्खा रोदाबायो, म्हणजे टर्बट, भाजतात. आपल्या लेपीसारखा चपटा मासा, पण ताटभर. मसाला नाही, वाटण नाही, मीठ, तेल आणि थोडं आंबट. माझी आई पहिल्या घासाआधी साशंक होती, नंतर डोक्याजवळचं मांस तिनं कुणाला दिलं नाही.

बर्मेओ, ओन्दार्रोआ, गेतारिया या गावांचा वसंत ऋतू अँकोव्हीचा. खारवून तेलात घालायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतून आलेल्या व्यापाऱ्यांनी या कांताब्रियन किनाऱ्यावर रुजवली. ऑलिव्ह, लोणच्याची मिरची आणि अँकोव्ही काडीला टोचून जो पिंचो होतो त्याला खिल्दा म्हणतात. आई म्हणाली, “ही तर आपल्या मांदेलीची भैण!” आणि ते खरंच आहे, दोन्ही एकाच कुळातले मासे. उन्हाळ्यात जाणार असाल तर मार्मिताको खा. बटाटे आणि कुपा जातीच्या माशाचा रस्सा, मुळात बोटीवर शिजवायचं जेवण. आम्हाला गरम भात मिळाला असता तर आणखी काही नको होतं.

गेतारिया हे एल्कानोचं गाव. मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपीन्समध्ये मारला गेला. त्याच्या मोहिमेतून झालेली पृथ्वीची पहिली फेरी १५२२ मध्ये पूर्ण करून आणली याने, उरलेल्या सतरा जणांसह. बंदराजवळ उभं राहून भाच्याला ही गोष्ट सांगताना आवाज भरून आला.

*

थोरांसाठी: सान हुआन दे गास्तेलुगाचे या बेटावरच्या चॅपलच्या २४१ पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. उतरून पूल ओलांडायचा, मग पायऱ्या, आणि परत येताना गाडीपर्यंत खडा चढ. आईनं वरच्या कठड्यावरून बेट पाहिलं, आम्ही खाली जाऊन घंटा वाजवली. प्रवेश फुकट आहे, पण हंगामात आधी नोंदणी करा.

तिला सगळ्यात आवडला बिस्काया पूल. १८९३ चा, नदीच्या तोंडाशी. वर ४५ मीटरवर लोखंडी तुळई आणि तिला टांगलेला पाळणा माणसांसकट गाड्याही पलीकडे नेतो. मोठ्या जहाजांना वाट मिळावी म्हणून ही युक्ती. आम्ही आमची गाडी त्यात घातली! आणि एलांचोबेला वेळ काढून जा. गाव एवढं उतारावर आणि रस्ता एवढा अरुंद की बसला वळायला जागाच नाही, म्हणून ती फिरत्या चकतीवर उभी करून फिरवतात. नातवंडांइतकेच आजोबा रमले.

*

गेर्निकाला मुलगा नववीत असताना नेलं. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गाव जाळलं. पुढे कितीतरी वर्षं फ्रँकोची राजवट सांगत राहिली की गाव माघार घेणाऱ्या विरोधी सैन्यानंच पेटवलं. मुलाला बॉम्बपेक्षा हे खोटं जास्त लागलं. शांतता संग्रहालयातून बाहेर पडल्यावर तो बराच वेळ त्यावरच बोलत होता, आणि मी त्याला बोलू दिलं.

गावातलं मानाचं ओकचं झाड मात्र त्या दिवशी वाचलं. बिस्काया प्रांताचे परंपरागत हक्क जपण्याची शपथ राजे याच जागी घेत, आजही बास्क सरकारचा प्रमुख इथेच शपथ घेतो. आत्ताचं झाड जुन्याच्या वंशातलं, २०१५ मध्ये लावलेलं. त्याआधीच्या एका वृक्षाचा खोड-बुंधा शेजारी खांबांच्या मंडपात जपून ठेवलाय. या हल्ल्यावरचं पिकासोचं मूळ चित्र माद्रिदला आहे, इथे रस्त्यावर फरशांमधली प्रतिकृती आहे. जमलं तर सोमवारीच जा. बाजार अजूनही सोमवारीच भरतो, आसपासच्या शेतकऱ्यांच्या मिरच्या, घेवडे, चीज सगळं तिथे असतं.

*

आम्ही फ्रान्समध्ये तुलूझला राहतो, म्हणून उलट दिशेनं, फ्रान्सच्या बाजूनं आलो. सें-जां-द-ल्यूझला चौदाव्या लुईचं १६६० मध्ये लग्न झालं ते चर्च पाहा. आत भिंतीवर लाकडी सज्जे, छताला टांगलेलं जहाज. एस्पलेत गावाला शरद ऋतूत जा. घराघराच्या दर्शनी भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात, आणि मिरची वाळवताना पाहिली की माझ्या सोलापूरच्या आत्याला परदेशात आल्यासारखं वाटेना.

मुलांना सीमेवरच्या बिदासोआ नदीतलं फेझंट बेट दाखवा. तिथे उतरता येत नाही, काठावरूनच दिसतं. फेब्रुवारी ते जुलै ते स्पेनचं, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं. १६५९ चा पिरेनीजचा तह याच बेटावर झाला. स्पेनच्या ओन्दार्रिबियाहून फ्रान्सच्या आंदायला लहान बोट जाते, गाडी ठेवून तीच घ्या. ला र्‍यून डोंगरावर १९२४ पासून दातेरी रुळांची आगगाडी आहे, माथा ९०५ मीटर. ढग असतील तर तिकीट काढू नका, वर काहीच दिसत नाही. तो दिवस बायोनला द्या, तिथल्या चॉकलेटच्या दुकानांत गरम, फेसाळ कप मिळतो.