मदत हवी आहे: फोकस लॉक जमला, एक्सपोजर लॉक गेला

कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स ७०-३०० मिमी. नवी मुंबईत सीवूड्सला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो टिपताना खारफुटीची फांदी आड आली की फोकस पक्षी सोडून फांदीवर. म्हणून मेन्यूत एफ२ या सेटिंगमध्ये एई-एल/एएफ-एल (एक्सपोजर/फोकस लॉक) बटणाला एएफ-ऑन, म्हणजे फोकस करायचं काम, दिलं. आता अंगठा दाबला की फोकस पक्ष्याचा पाठलाग करतो, उचलला की तिथंच थांबतो. झकास!

पण एक्सपोजर लॉकचं, म्हणजे फोटोचा उजेड पक्का धरून ठेवायचं, बटणही तेच होतं ना. पाणी चमकलं की गुलाबी पक्षी काळा ठिक्कर. मेन्यूतलं सी१ (शटर अर्धं दाबलं की एक्सपोजर लॉक) ऑन करून शटर अर्धं दाबून धरलं, तर मिनिटभरात बोट घसरून भलताच फोटो निघतो. एक्सपोजर मॅन्युअल, म्हणजे हातानं, ठरवलं तर ढग सारखे आडवे येऊन उजेड बदलतो. एफएन (हवं ते काम नेमून द्यायच्या) बटणाला एक्सपोजर लॉकचा पर्याय दिसत नाही, आणि कॅमेरा सध्या बदलायचा नाही.

एएफ-ऑन तसंच ठेवून, शटरवर बोट न ताटकळवता एक्सपोजर लॉक करता येईल का?